घरभर आवाज, पण कानांचे काय?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला दवाखान्यात आला. बगलेत नकाशाची गुंडाळी होती. आमच्या वळ गावातच त्यांचा नवा बंगला उभा राहत होता. मी चिठ्ठी लिहीत होतो तेवढ्यात त्याने हौसेने नकाशा टेबलावर पसरला. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि आईवडिलांची खोली, वर तीन बेडरूम, त्यावर गच्ची. नकाशावर लाल पेन्सिलीने अकरा गोल काढलेले होते. ते स्पीकर. निळे चौकोन पाच. ते टीव्ही. सगळ्यांना जोडणारी यंत्रणा जिन्याखालच्या एका कपाटात, आणि मोबाइलवरून कुठल्याही खोलीत काहीही लावायची सोय. ठाण्याहून आलेल्या माणसाने एस्टिमेट दिले होते. आकडा वाचून मला स्वतःचाच रक्तदाब तपासावासा वाटला.

“अरे, एवढं कशासाठी?” मी विचारले.

“बाबांसाठी, डॉक्टर. त्यांना टीव्ही नीट ऐकू येत नाही. आवाज चाळीस-पंचेचाळीसवर ठेवतात. आई कावते, बाळ दचकून उठतं. म्हटलं, नवीन घरात हॉलमध्ये चांगले दणदणीत स्पीकर टाकू, म्हणजे बाबांचा प्रश्न मिटेल. आणि बाकीच्यांना आपापल्या खोलीत आपापलं.”

मी त्याच्या वडिलांचा केसपेपर पुन्हा उघडला. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. नऊ वर्षांचे रक्तदाबाचे आकडे, साखर, वजन, एकदा गुडघ्याचा एक्स-रे. कानांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. नऊ वर्षे हा माणूस माझ्यासमोर बसून “काय म्हणालात?” असे विचारत होता आणि मी तेच वाक्य मोठ्याने पुन्हा सांगत होतो. कान तपासायला पाठवावे हे मला सुचले नाही. मुलगा बिचारा लाखो रुपये खर्चून जे करायला निघाला होता, तेच मी फुकट करत होतो.

ज्यांना वळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भिवंडी तालुक्यातला हा गोदामांचा पट्टा. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, मानकोली. जिथे भातखाचरे होती तिथे आता पत्र्याच्या उंच शेडी आहेत. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोचणारा बराचसा माल आधी आमच्या दारावरून जातो. जमिनीला भाव आला, काहींना गोदामांचे भाडे सुरू झाले आणि कौलारू घरांच्या जागी बंगले आले. यात वाईट काही नाही. ज्यांनी गुडघाभर चिखलात आवण्या केल्या, त्यांनी संगमरवरावर चालावे याचा मला आनंदच आहे. पण कौलारू घरात आवाजाचे साधन एकच असायचे. ओटीवर रेडिओ, नंतर टीव्ही. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी अख्खी आळी एका घरात जमायची आणि मागच्या रांगेतल्यांना ऐकू यावे म्हणून पुढचे गप्प बसायचे. आता खोलीगणिक आवाज आला. त्याचे नियोजन कसे करावे हा प्रश्न फक्त इलेक्ट्रिशियनचा उरलेला नाही, डॉक्टरचाही झाला आहे. म्हणून आजचा लेख.

आधी दादांचे कान.

जमिनीला भाव येण्याआधी दादांनी चोवीस वर्षे भिवंडीत माग चालवला. बारा तासांची पाळी, कधी दिवस कधी रात्र. यंत्रमागाच्या खात्यात जे गेले असतील त्यांना तो आवाज सांगायला नको. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो, दर खेपेला लाकडावर आणि लोखंडावर ठोका बसतो, आणि एका छपराखाली असे कितीतरी माग. आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. तिथले कामगार एकमेकांशी हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलतात. पाळी सुटल्यावर तासभर कानात गुणगुण राहते आणि सगळे जग कापसात गुंडाळल्यासारखे वाटते. सकाळी बरे वाटते. माणसाला वाटते, कान सुधारला. तो पूर्ण सुधारलेला नसतो.

आपल्या आतल्या कानात शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि मज्जातंतूला संदेश देतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. त्वचा पुन्हा येते, हाड जुळते, पण या पेशी माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. आवाजामुळे प्रथम मार खातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. आता गंमत पाहा. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जाड आणि भारदस्त असतात. पण स, श, फ, थ, ख ही व्यंजने बारीक फुंकरीसारखी असतात. दादांचे स्वर शाबूत होते, व्यंजने गेली होती. म्हणून बोलणे चालू आहे हे कळते, काय बोलले ते कळत नाही. गोदामाच्या भाड्याच्या बोलणीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत झाली होती, हे मुलगा हसत हसत सांगत होता. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी दादांना बोलावले. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: “आवाज येतं डॉक्टर, पन बोलनं कलत नाय. हल्ली समदी तोंडातल्या तोंडात बोलतान.” कानाच्या आजाराची इतकी नेमकी व्याख्या मला वैद्यकीय पुस्तकातही सापडलेली नाही.

आता या माणसाला दणदणीत स्पीकर दिले तर काय होईल? टीव्हीचा आवाज दुप्पट केला की जाड स्वर दुप्पट होतात, पण मेलेल्या पेशींपुढे बारीक व्यंजने ठेवून उपयोग काय? उलट जाड आवाजाखाली उरलीसुरली व्यंजनेही झाकली जातात. त्यातच एस्टिमेटमध्ये जमीन हादरवणारा एक सबवूफर होता, म्हणजे जाड आवाजाची खास तजवीज. शिवाय अशा कानांचा एक विचित्र स्वभाव असतो. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम टोचतो. दादा आवाज पंचेचाळीसवर ठेवत आणि जाहिरात लागली की स्वतःच ओरडत, “बंद करा ते!” घरातल्यांना तो हट्ट वाटे. तो हट्ट नव्हता, आजार होता.

डेसिबलचा हिशेब रुपयांसारखा नाही, हे इथे सांगायला हवे. ८५ आणि ८८ यांत तीनचाच फरक दिसतो, पण ८८ मध्ये कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट असते. म्हणून अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने असे ठरवले आहे की ८५ डेसिबल दिवसाला ८ तास, ८८ असेल तर ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ती सैलच म्हणायची. घरात करमणुकीसाठी ऐकण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ साली मानक काढले: मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, लहान मुलांना तेवढ्याच वेळासाठी ७५. दोन माणसे समोरासमोर साधे बोलतात तो आवाज ६० च्या आसपास असतो. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर तुमच्या भोवतीचा आवाज ८५ च्या घरात गेला असे समजावे. यंत्र नसले तरी ही परीक्षा पुरते. मोबाइलमध्ये आवाज मोजायची साधने मिळतात. चार-पाच डेसिबल इकडेतिकडे, पण अंदाज येतो.

आणि वॅट? एस्टिमेटमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरांत वॅट असतात. घरगुती स्पीकरपासून एक मीटरवर बसले आणि त्याला फक्त एक वॅट वीज दिली तरी साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज निघतो. शंभर वॅट दिले तर आणखी २० डेसिबल. म्हणजे सुखाने ऐकायला एक वॅटही पुष्कळ झाला आणि बाकीचे नव्व्याण्णव पाहुण्यांना सांगायला. चांगल्या अॅम्प्लिफायरला थोडी शक्ती राखीव लागते हे खरे, नाहीतर आवाज फाटतो. पण वॅटवरून भाव करू नका.

पुढच्या रविवारी मी बांधकामावर गेलो. मला या यंत्रांतले फारसे कळत नाही. पण प्लास्टर व्हायचे होते, म्हणजे भिंतीत काय जाणार ते अजून बदलता येत होते, आणि ठाण्याचा माणूसही आला होता. माणूस समजूतदार निघाला. त्याला घरात कोण राहणार हे कुणी सांगितलेच नव्हते. त्याने खोल्या पाहिल्या होत्या, माणसे पाहिली नव्हती. मी त्याला पाच माणसे सांगितली: बहिरेपणा आलेले आजोबा, डोकेदुखीच्या आजी, दिवसभर फोनवर असणारा मुलगा, पहाटे पाचला उठणारी सून आणि चौदा महिन्यांचे बाळ. मग आम्ही नकाशा पुन्हा काढायला बसलो.

हॉलपासून सुरुवात केली. दोन मजली उंच छत, खाली संगमरवर, एका बाजूला पूर्ण काच. मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली. टाळी भिंतींवर फिरून परत आली. अशा खोलीत प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. धडधाकट कानांनाही त्रास होतो, दादांच्या कानांना तर ती खिचडीच. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. आवाज वाढला की घुमणेही वाढते. इथे सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट एस्टिमेटमध्ये नव्हतीच: काचेला जाड पडदे, बसायच्या जागी गालिचा, कापडी सोफा, एका भिंतीला पुस्तके ठेवायची उघडी मांडणी. मऊ वस्तू आवाज पितात. लग्नाचे रिकामे कार्यालय आणि माणसांनी भरलेले कार्यालय यांतला फरक आठवा.

मग अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो. टीव्हीशेजारच्या दोन मोठ्या स्पीकरांनी जेवणाच्या टेबलापर्यंत बातम्या पोचवायच्या, तर टीव्हीसमोर बसलेल्या आजींच्या कानाशी ढोल वाजणार. त्याऐवजी जिथे माणूस बसतो तिथे त्याच्या जवळ लहान स्पीकर, आणि आवाज गप्पांच्याही खाली. त्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे चांगल्या हॉटेलांत असेच करतात, म्हणून तिथे गाणे सगळीकडे असते आणि ते कुठून येते ते कळत नाही. हे मला एकदम पटले. औषधाचेही असेच आहे. दुखते तिथे थोडा लेप लावता येत असेल तर सगळ्या शरीराला मोठा डोस कशाला?

सबवूफर रद्द झाला. मुलगा थोडा खट्टू झाला.

प्रत्येक खोलीला स्वतःचे नियंत्रण हवे, आणि ते नुसते मोबाइलवर नको, भिंतीवर फिरवायचे बटणही हवे. आजींच्या हातात मोबाइल नसतो. डोके दुखू लागले की हात लांबवून आवाज बंद करता आला पाहिजे, सुनेला हाक मारावी लागता कामा नये. अशा यंत्रणेत प्रत्येक खोलीच्या आवाजाला कमाल मर्यादा घालून ठेवता येते, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. बसवणाऱ्याकडून ती घालून घ्या. आणखी एक. दाराची बेल वाजली की गाणे आपोआप थांबेल अशी जोडणी करता येते. घरभर संगीत चालू असताना कुकरच्या शिट्ट्या, बाळाचे रडणे आणि दार वाजणे या तिन्ही गोष्टी बुडतात, आणि त्यातली कुठली बुडून चालेल हे तुम्हीच ठरवा. दादांसाठी बेलबरोबर लुकलुकणारा दिवाही लावला.

बाळाच्या खोलीतले दोन्ही स्पीकर आणि टीव्ही मी स्वतःच्या हाताने खोडले. सून म्हणाली, “डॉक्टर, गाणी लागली की तो शांत झोपतो हो.” झोपतो, नाही कोण म्हणते? पण तो जागा असताना घरात टीव्ही नुसता चालू असला तरी काय होते ते ऐका. २००९ साली अमेरिकेत तीनशेहून अधिक लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे बांधून दिवसभराचा आवाज मोजला गेला. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर मोठ्या माणसांचे सुमारे ७७० शब्द कमी पडले. टीव्हीतले शब्द होतेच की, असे कुणी म्हणेल. पण टीव्ही मुलाला उत्तर देत नाही. मूल ‘बा’ म्हणाले तर आजी ‘बाबा आले का रे?’ म्हणते. या देवघेवीतून भाषा येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली मार्गदर्शन केले आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणे तेवढे चालेल, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. नातवाला झोपवायला आजीचा आवाज आहे की घरात. तो सगळ्यात स्वस्त स्पीकर.

बेडरूममधले टीव्हीही काढावेत असे मी सांगितले. एक निघाला, एक राहिला. मुलगा म्हणाला, मॅच बघायला लागतो. झोपेच्या खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सांगून ठेवले आहे. आमच्याकडे रात्रभर कंटेनर धावतात, त्यांचे हॉर्न आणि रिव्हर्सची टुंटुं चालूच असते. रस्त्याच्या आवाजावर मात करायला लोक टीव्ही लावून झोपतात आणि सकाळी थकवा घेऊन माझ्याकडे येतात. स्पीकरवर घालायचे पैसे रस्त्याकडच्या खिडकीच्या दुहेरी काचेवर घाला. पडद्याचा उजेडही मेंदूला दिवस असल्याचा निरोप देतो आणि झोप आणणारे मेलॅटोनिन उशिरा स्रवते. रक्तदाबाच्या रोग्याला अपुरी झोप किती महाग पडते ते मी रोज पाहतो.

टीव्हीच्या उंचीबद्दल एवढेच सांगतो की तो देवाच्या फोटोइतका उंच लावू नये. बंगल्यांत ही फॅशनच झाली आहे. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा. बसल्या माणसाला तो जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येतो. ५५ इंची पडद्यापासून सात-साडेसात फूट अंतर पुरे. मान वर करून दोन-दोन तास मालिका पाहणाऱ्या किती बायका माझ्याकडे मानेच्या दुखण्याची तक्रार घेऊन आल्या आहेत! गळ्यात पट्टा बांधून त्या परत त्याच टीव्हीसमोर बसतात.

वायरींचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. स्पीकरच्या आणि टीव्हीच्या वायरी विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नयेत, वेगळा पाइप घालावा. अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच हवाच. जिन्याखालच्या कपाटाला हवा खेळती राहील अशी जाळी ठेवावी. बंद कपाटात यंत्रे तापतात. आणि प्लास्टर करण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे कुणी खिळा ठोकायला घेतला तर कामाला येतील.

गच्चीवर चार स्पीकर होते. हे नाजूक प्रकरण. आमच्या भागात हळदीला डीजे नसेल तर पाहुणे रुसतात. हळदीत रात्रभर स्पीकरच्या भिंतीसमोर नाचून दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी घेऊन आलेली पोरे मी दर लग्नसराईत तपासतो. ती शिट्टी म्हणजे केसपेशींचा आक्रोश आहे, बाळांनो. कायदा सांगायचा तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. आणि खासगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला या आकड्याहून पाचापेक्षा जास्त वर जाता कामा नये. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही. गच्ची उघडीच असते. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, घरची हळद असली तर?” मी म्हटले, “त्या दिवशी तू माझं ऐकणार आहेस का?” तोही हसला. चाराचे दोन झाले, आणि त्यांची तोंडे शेजारच्या घराकडे होती ती आत फिरवली.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते दादा. कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, पडदा पाहिला. हे आधी व्हायलाच हवे, कारण कित्येकांचा बहिरेपणा नुसत्या मळाचा किंवा वाहत्या कानाचा असतो आणि तो औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. कानात तेल सोडू नका. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दाखवा. लवकर उपचार मिळाले तर अशा कानाला वाचायची संधी असते. दादांचे तसे नव्हते. त्यांचा आलेख काढला तर ४००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांत दरी. मागाची सही.

त्यांना श्रवणयंत्रे लागली. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. तिथे तपासणी होते, यंत्र बसवून देतात, सवय करून देतात. ज्यांची ऐपत नाही त्यांना केंद्राच्या ‘अडीप’ योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत राहून यंत्र मिळू शकते. आमच्या तालुक्यात मागावर आयुष्य घालवलेले, पण गोदामाचे भाडे नशिबी न आलेले हजारो आहेत. हे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो आहे.

आणि नव्या घरात दादांसाठी एक गोष्ट अशी झाली की जी सांगताना मला फार बरे वाटते. हॉलच्या कडेने, भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीमागून तांब्याच्या वायरीचा एक वेढा घातला. त्याला एक छोटा अॅम्प्लिफायर जोडला. टीव्हीचा आवाज त्या वेढ्यातून चुंबकीय लहरींच्या रूपाने फिरतो आणि श्रवणयंत्रातली छोटी गुंडाळी तो थेट पकडते. खोलीचे घुमणे नाही, पंख्याची घरघर नाही, कंटेनरचा हॉर्न नाही. यंत्र ‘टी’वर केले की बातम्या सरळ कानात. याला इंडक्शन लूप म्हणतात. वायर फारशी महाग नसते, पण पट्टी बसण्याआधी घातली तर सोपी, नंतर फोडाफोडी. स्लॅबच्या लोखंडाने थोडा जोर कमी होतो, म्हणून बसवणाऱ्याने मोजून घ्यावे. सगळ्या श्रवणयंत्रांत ही गुंडाळी नसते. यंत्र घेताना विचारून घ्या. ती नसेल तर बिनतारी जोडणीने टीव्हीचा आवाज यंत्रात सोडणारी छोटी डबी मिळते. दादा आता स्वतःच्या कानात हवा तेवढा आवाज ठेवतात आणि टीव्हीचा आकडा बारावर असतो.

स्मृतिभ्रंशावर २०२० आणि २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने अहवाल दिले. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर आपण काही करू शकतो, त्यांत त्यांनी ऐकू न येणे बरेच वरचे धरले आहे. मला त्याचे नवल वाटले नाही. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलायचे सोडतो. दादा ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर बसायचे थांबले होते. मुलगा म्हणायचा वय झाले. वय त्रेसष्ट.

यंत्रे मिळाल्यावर पहिले तीन आठवडे ती कपाटात होती, हेही सांगितले पाहिजे. पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज. चोवीस वर्षांत हरवलेले सगळे एकदम परत आले की माणूस घाबरतो. मेंदूला पुन्हा शिकावे लागते. दिवसाला तास-दोन तास, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, अशी सुरुवात करायची. दादांनी ती नातवाबरोबर केली. नातू आता सव्वादोन वर्षांचा आहे, अखंड बडबडतो, आणि त्याचे बोबडे बोल घरात दादांनाच सगळ्यात जास्त कळतात असे आजींचे म्हणणे आहे. सध्या ते दिवसाला सहा-सात तास यंत्र घालतात. डाव्या कानाचे अजून शिट्टी मारते, साचा नीट बसलेला नाही. तो बदलून घ्यायला येत्या मंगळवारी ते वांद्र्याला जाणार आहेत, आणि येताना दादरला उतरून कट्ट्यावरच्या मित्रासाठीही चौकशी करणार आहेत. तोही मागावरचाच.